पंपाविना उडणारी कारंजी

अंगणात एक प्रयोग करा. भरलेली बादली उंच स्टुलावर ठेवा. रबरी नळीचं एक टोक बादलीत बुडवा, दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या आणि ते टोक खाली नेऊन वर वळवा. बोटाने थोडं दाबा. उडालं ना कारंजं? बादली जितकी उंच, तितकी उडी मोठी. (आईला विचारून हं! नाहीतर बोलणी मला खावी लागतील.)

हीच युक्ती रशियाचा सम्राट पहिला पीटर याने आपल्या उन्हाळी महालात केली. सेंट पीटर्सबर्गजवळ, समुद्राकाठी, पीटरहॉफ नावाची ही जागा आहे. फ्रान्समधल्या व्हर्सायची कारंजी पीटरने १७१७ साली पाहिली होती. तिथे नदीचं पाणी वर चढवायला चौदा अजस्र चाकं आणि दोनशेवर पंप लागत. पीटरहॉफमागे मात्र सुमारे २० किलोमीटरवर उंचावर झरे होते. तुवोल्कोव्ह नावाच्या जाणकाराने १७२१ साली कालवा काढून ते पाणी आणलं. पंप एकही नाही! आज तिथे दीडशेच्या आसपास कारंजी आहेत. पण जायचं ते उन्हाळ्यात, बरं का. थंडीत ती बंद असतात.

बागेत एके ठिकाणी बाकांसमोर गोटे बसवलेत. तिथे उभं राहिलं की अचानक अंगावर फवारा! मुलं 'तो' गोटा शोधत नाचत राहतात. खरं तर जवळच एक माणूस लपून नळ फिरवत असतो!

सगळ्यांत मोठं कारंजं सॅमसनचं. हा बायबलमधला महाबली. सोनेरी सॅमसन सिंहाचा जबडा फाडतोय आणि त्या जबड्यातून २० मीटर उंच धार उडते. १९४१ साली जर्मन फौजा चालून आल्या, तेव्हा संग्रहालयाच्या लोकांनी जमतील तेवढे पुतळे हलवले, काही बागेतच पुरून ठेवले. अवजड सॅमसन जागीच राहिला. १९४४च्या जानेवारीत माणसं परतली, तर महाल जळून गेलेला आणि सॅमसन गायब! तो आजवर सापडलेला नाही.

मग जुनी छायाचित्रं पाहून शिल्पकार सिमोनोव्ह यांनी नवा सॅमसन घडवला. १९४७ साली तो ट्रकवर चढवून शहराच्या मोठ्या रस्त्यावरून नेला, अगदी आपल्या गणपतीसारखा. आणि सप्टेंबरात सिंहाच्या जबड्यातून पुन्हा पाणी उडालं.