सीडीच्या नावानं बाटली

मायबहिणींनो आणि कारभाऱ्यांनो, रात्री जेवणं उरकून टीव्हीसमोर बसलात की मधेच एक जाहिरात लागायची, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. लिफ्टमध्ये दोन पुरुष उभे आहेत, पोटं सुटलेली. एक देखणी बाई आत येते. झालं! दोघेही श्वास रोखून पोट आत ओढतात. बाई बाहेर पडते आणि पोटं पुन्हा जागेवर. हसू येतं, नाही म्हणणार नाही. शेवटी इंग्रजीत ऐकवतात, 'मेन विल बी मेन'. म्हणजे पुरुष म्हटला की असाच! नाव झळकतं इंपीरियल ब्लू. आणि माल कोणता? तर म्हणे गाण्यांच्या सीडी.

ही सीडी तुमच्यापैकी कुणी दुकानात मागितली आहे का हो? सीडी वाजवायचं यंत्रसुद्धा आता घराघरांतून गेलं. इंपीरियल ब्लू ही व्हिस्की, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक. केबल टीव्हीच्या नियमांनी दारूच्या जाहिरातीला बंदी केली, तेव्हा कुणी सीडीचं सोंग घेतलं, कुणी सोड्याचं, कुणी पाण्याचं. आपण सोयाबीनचं बियाणं घेतो तेव्हा पिशवीवर वाण, उगवणशक्ती, चाचणीची तारीख छापलेली लागते. आत दुसरंच निघालं तर तक्रार घेऊन कृषी अधिकाऱ्याचं दार गाठतो. इथं सगळ्या देशादेखत लेबल एक आणि माल दुसरा! २०२२ साली केंद्र सरकारने अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारे नियम काढले. पण नुसतं नाव सारखं आहे म्हणून जाहिरात दोषी धरू नये, अशी फटही त्यातच ठेवली.

मला राग येतो तो त्या वाक्याचा. बाटली दाखवता येत नाही, यात कंपनीचा तोटा झाला असं आपल्याला वाटतं. उलट फायदाच झाला. बाटली नाही, म्हणून तिची किंमत नाही. कांद्याची पट्टी घेऊन निघालेला माणूस घरी रिकाम्या खिशानं का आला, पाण्याची पाळी का चुकली, पोरीची फी का राहिली, हे काहीच दाखवावं लागत नाही. उरतात फक्त हसणारे पुरुष. आणि पुरुष जातच अशी म्हटल्यावर विचारायचं कुणाला? बायकोनं तोंड उघडलं तर तिचाही विनोदच होतो. आपल्या गावात माळ घातलेले वारकरी आहेत, आयुष्यात दारूला न शिवलेले. ते काय पुरुष नव्हेत? चटईवर बसलेला बारा वर्षांचा पोरगा हे वाक्य ऐकून काय शिकत असेल, ते ज्याच्या त्याच्या आईनं ताडावं.

टीव्हीवर न दिसणारी ती बाटली आपल्या महाराष्ट्रात एका कागदावर मात्र छापतात. गावातलं परवानाधारक दुकान बंद करायचं, तर २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. पण बायांनो, एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. त्या दिवशी खुरपणीला गेलेली किंवा माहेरी राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूनं मोजल्यासारखीच होते. तेव्हा तारीख लागली की आधी मतदार यादी काढून घ्या आणि बाहेरगावी असलेल्या सुना-लेकींना निरोप धाडा.