आठवीतल्या बीजगणिताचे राजकारण

गणिताचा कोणता भाग कोणत्या इयत्तेत शिकवावा, यावर एखाद्या महानगरातील मतदारांनी मतपत्रिकेवर कौल द्यावा, ही गोष्ट आपल्याकडे कल्पनेतही येणार नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ५ मार्च २०२४ रोजी नेमके हेच घडले. आठवीच्या विद्यार्थ्यांना बीजगणित शिकण्याची संधी पुन्हा उपलब्ध करून द्यावी, असे शिक्षण मंडळाला सांगणारा 'प्रस्ताव जी' ८० टक्क्यांहून अधिक मतांनी संमत झाला. प्रस्ताव मंडळावर बंधनकारक नव्हता. शिवाय मंडळाने फेब्रुवारीतच तसा निर्णय घेऊन टाकला होता. तरीही मतदारांनी दहा वर्षांचा राग मतपेटीतून नोंदवला.

हा राग समजून घ्यायचा तर तेथील गणिताची रचना पाहावी लागते. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत गणित भाग एक म्हणजे बीजगणित आणि भाग दोन म्हणजे भूमिती. दोन्ही एकाच वर्षी आणि वर्गातील सर्वांना सारखेच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तसे नाही. तेथे बीजगणित-१ ला एक पूर्ण वर्ष, भूमितीला दुसरे, बीजगणित-२ ला तिसरे, मग प्री-कॅल्क्युलस आणि अखेर कॅल्क्युलस अशा पाच पायऱ्या आहेत. हायस्कूल मात्र नववी ते बारावी असे चारच वर्षांचे. म्हणजे बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोहोचायचे असेल, तर पहिली पायरी आठवीतच चढली पाहिजे, नाहीतर पुढे कुठेतरी दोन पायऱ्या एकदम चढल्या पाहिजेत. अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्याच्या अर्जात नामवंत विद्यापीठे कॅल्क्युलस शोधतात, हे तेथील प्रत्येक जागरूक पालकाला ठाऊक असते. तेरा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकावर सतरा वर्षांच्या मुलाचा प्रवेश अवलंबून राहतो, तो असा.

त्यात भर 'ऑनर्स' वर्गांची. बीजगणित आणि भूमितीचे साधे वर्ग वेगळे आणि ऑनर्सचे वेगळे. ऑनर्सच्या वर्गात गती अधिक, उदाहरणे अवघड आणि भूमितीत सिद्धतेवर भर. प्रवेशासाठी कुठे आधीच्या वर्षीची किमान श्रेणी लागते, कुठे चाचणी, कुठे शिक्षकाची शिफारस. वर्षाच्या सुरुवातीला अपेक्षांचे एक पत्रक घरी येते. गृहपाठ उशिरा दिल्यास किती गुण कापले जातील, चाचणी पुन्हा देता येईल की नाही, श्रेणी घसरल्यास साध्या वर्गात परतण्याची मुदत कोणती, असे सारे त्यात लिहिलेले असते आणि खाली पालकांची सही घेतली जाते. शिफारस मिळाली नाही तरी पालकांनी लेखी जबाबदारी घेतल्यास मुलाला ऑनर्समध्ये बसू देणाऱ्या शाळाही आहेत. कागदावर ही सोय सर्वांना खुली. पण ती सोय आहे हेच मुळात कोणाला माहीत असते? दोन नोकऱ्या करणाऱ्या, इंग्रजी जेमतेम बोलणाऱ्या आईला शाळेशी असा वाद घालणे जमत नाही. मग साध्या वर्गात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले अधिक, तर ऑनर्सच्या वर्गात गोरी व आशियाई मुले अधिक, असे चित्र शहरामागून शहरात दिसते.

हा प्रश्न अमेरिकेला नवा नाही. नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते बॉब मोझेस यांनी १९८० च्या दशकात 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला, तो याच भूमिकेतून. मतदानाचा हक्क जसा नागरिकत्वाचा पाया, तसे बीजगणित हे आर्थिक नागरिकत्वाचा पाया, असे ते मानत. त्यातून 'सर्वांना बीजगणित' ही घोषणा पुढे आली. कॅलिफोर्नियाने १९९७ च्या अभ्यासमानकांत आठवीचे बीजगणित हे उद्दिष्ट ठरवले आणि २००८ मध्ये राज्य मंडळाने ते सक्तीचे करण्याचा घाट घातला. न्यायालयाने तो रोखला. त्याच सुमारास अन्यत्र आलेले अनुभवही उत्साह वाढवणारे नव्हते. शिकागोने १९९७ पासून नववीत सर्वांना बीजगणित दिले, तेव्हा नापास होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्याने २००२ च्या सुमारास मध्यम कुवतीच्या मुलांनाही लवकर बीजगणितात बसवले. ही मुले पुढे भूमितीतही मागे पडली, असे ड्यूक विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले. पाया कच्चा ठेवून मजला चढवल्याचा हा परिणाम.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये या अनुभवाचा अर्थ दुसऱ्या टोकाला जाऊन लावला. तोवर तेथे आठवीतले सर्वच विद्यार्थी बीजगणित शिकत आणि बरेचसे नापास होऊन ते पुन्हा शिकत. नव्या धोरणात आठवीतून बीजगणित काढून टाकण्यात आले आणि सर्वांना ते नववीत एकत्र शिकवण्याचे ठरले. दहावीपर्यंत ऑनर्सची वेगळी वाट नाही. हेतू चांगला होता यात शंका नाही. बीजगणित पुन्हा शिकावे लागणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले, असा दावा जिल्ह्याने केला. पालकांच्या एका गटाने त्याला आव्हान दिले. मुले अधिक शिकल्यामुळे नव्हे, तर वर्षअखेरीची चाचणी काढून टाकल्यामुळे आकडा घसरला, असे त्यांचे म्हणणे होते.

दार सर्वांसाठी बंद झाले, पण ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांना खिडकी सापडली. कोणी खासगी शाळा गाठली, कोणी शुल्क भरून ऑनलाइन बीजगणित पूर्ण केले, कोणी नववीत बीजगणित आणि भूमिती एकदम घेतली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये या धोरणाचा लेखाजोखा मांडला. सुरुवातीला महाविद्यालयीन पातळीच्या 'एपी' गणिताची नोंदणी सुमारे १५ टक्क्यांनी घटली; पुढे दोन अभ्यासक्रम एका वर्षात उरकणारा जोडवर्ग आल्यावर ती बरीचशी भरून निघाली. पण ज्यासाठी हा सारा खटाटोप केला, ती वर्णीय दरी जवळपास तशीच राहिली. समतेच्या नावाने आखलेल्या धोरणावर याहून कठोर शेरा कोणता असू शकतो?

बे एरियातील भारतीय कुटुंबांना, त्यातल्या मराठी कुटुंबांनाही, हा वाद चांगला परिचयाचा आहे. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो ही गावे सॅन फ्रान्सिस्को जिल्ह्यात येत नाहीत. पण सुटीच्या दिवशी मुलांना मराठी शाळेत सोडून पुढे खासगी गणितवर्गाकडे गाडी वळवणारे पालक तेथे विरळ नाहीत. पुणे-मुंबईच्या शिकवणी संस्कृतीतून गेलेल्या या पिढीला खिडकी शोधावी लागत नाही, ती तिला पाठच असते. त्यामुळे गुणवत्तेच्या बाजूने बोलताना आपल्या मुलाच्या 'गुणवत्तेत' शुल्काचा वाटा किती, हेही या पालकांनी मोजायला हरकत नाही.

डॅलसच्या शाळांनी वेगळा मार्ग धरला आहे. तेथे २०१९ पासून पाचवीच्या राज्य परीक्षेत पात्र ठरलेला विद्यार्थी आपोआप ऑनर्सच्या वाटेवर जातो. नको असेल तर पालकांनी तसे लिहून द्यायचे. सही लागते ती बाहेर पडण्यासाठी, आत येण्यासाठी नव्हे. एवढ्या एका बदलाने आठवीत बीजगणित शिकणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंत गेले. टेक्सास राज्याने २०२३ मध्ये कायदा करून पाचवीतील वरच्या ४० टक्के विद्यार्थ्यांसाठी हीच पद्धत लागू केली. नॉर्थ कॅरोलिनात तर सर्वोच्च पातळी गाठणाऱ्यांसाठी असा कायदा २०१८ पासून आहे. शिफारशीची जागा गुणांनी घेतली, की शिक्षकाच्या नकळत असलेल्या पूर्वग्रहाला वाव कमी उरतो. आमच्या मते, आजवरच्या प्रयोगांत हाच सर्वांत प्रामाणिक ठरतो.

अर्थात वर्गात बसवले म्हणजे शिकवले, असे नाही. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या समितीचा नोव्हेंबर २०२५ मधील अहवाल या दृष्टीने झोप उडवणारा आहे. हायस्कूलपेक्षा खालच्या पातळीचे गणित असलेले नवे विद्यार्थी तेथे पाच वर्षांत सुमारे तीसपटीने वाढले आणि प्रवेश घेणाऱ्या दर आठांत एक असा निघाला. २०२४ मध्ये उजळणीच्या वर्गात बसवावे लागलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना हायस्कूलच्या गणितात सरासरी ४.० म्हणजे पैकीच्या पैकी श्रेणी होती. हे विद्यापीठ २०२० पासून प्रवेशासाठी 'सॅट' परीक्षेचे गुण विचारात घेत नाही, त्यामुळे त्याच्या हाती राहतात ते शाळेने दिलेले शेरे. अनेक जिल्ह्यांत ऑनर्स वर्गातील 'ए' श्रेणीला चारऐवजी पाच गुणभार मिळतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र आपल्या सरासरीत नववीतल्या श्रेणी धरतच नाही. ज्या ऑनर्स भूमितीच्या गुणभारासाठी घरोघरी ताणतणाव होतो, तो भार त्या तागडीत पडतही नाही, हे किती पालकांना माहीत असेल?

आपल्याकडे सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशा दोन प्रश्नपत्रिका आणल्या. वर्ग आणि अभ्यासक्रम एकच, फक्त परीक्षेची काठिण्यपातळी वेगळी. विद्यार्थ्याला शेवटपर्यंत एकाच बाकावर ठेवणारी ही रचना अमेरिकेच्या तुलनेत सौम्य म्हणावी लागेल. पण 'बेसिक' कोणी निवडायचे हे घरात ठरते की शिक्षक सुचवतात, हा प्रश्न इथेही उरतोच.

सॅन फ्रान्सिस्कोत २०२४-२५ मध्ये निवडक शाळांत तीन पर्याय चाचणीसाठी घेण्यात आले: आठवीत सर्वांनाच बीजगणित, तयारी व आवड पाहून काहींना, किंवा नेहमीच्या आठवीच्या गणिताबरोबर जादा विषय म्हणून. तिसऱ्या पर्यायात मुलाला चित्रकला, संगीत किंवा दुसरी भाषा यांपैकी काहीतरी सोडावे लागते, अशी तक्रार येऊ शकते. पहिल्या पर्यायात २०१४ पूर्वीचे नापासांचे आकडे पुन्हा समोर येण्याची भीती आहे. दुसऱ्यात 'तयारी' कोण ठरवणार, शिक्षक की परीक्षा, यावर सारे अवलंबून आहे.