मानेची कैफियत

मान आखडल्याची तक्रार मुंबईच्या उपनगरांत आता इतकी सार्वत्रिक झाली आहे की, बोरिवलीहून सुटणाऱ्या जलद गाडीत एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातातील मोबाईलवर डोळे आणि पाठीवरची सॅक छातीशी घेतलेली, अशा अवस्थेत चर्चगेट गाठणाऱ्या नोकरदाराने आपली मान दुखत नाही असे सांगितले, तर शेजारच्याला त्याचे नवलच वाटावे. या दुखण्यावर जे उपाय सुचविले जातात त्यांत होमिओपॅथीचा मान मोठा आहे. ‘ऱ्हस टॉक्स घेऊन पाहा’, ‘छे, तुम्हाला ब्रायोनियाच लागू पडेल’ हा संवाद मुलुंडच्या कट्ट्यावर ज्या आत्मविश्वासाने चालतो, तो आत्मविश्वास पदवीधर होमिओपॅथालाही क्वचितच लाभत असेल. कोणती गोळी निवडावी हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ती निवडण्यासाठी जी विचारपूस होते तिच्यात मात्र रोग्याच्या हिताचा मोठा ऐवज असतो, आणि गोळ्यांची बाटली खिशात पडताच आपण तो विसरून जातो, असे माझे मत आहे.

ही विचारपूस जुन्या मामलेदाराने घेतलेल्या जबानीसारखी तपशीलवार असते. दुखणे डावीकडे की उजवीकडे, पहाटे अधिक की दिवस कलताना, गार वाऱ्याने वाढते की उकाड्याने, दाबल्यावर बरे वाटते का, येथपासून तिची सुरुवात होते. आणि तहान किती लागते, गोड आवडते की खारट, स्वप्ने कसली पडतात, साहेब बोलले तर राग गिळता की उलट उत्तर देता, येथपर्यंत ती जाऊन पोहोचते. रोग्याची ही कैफियत ठरावीक शिरस्त्याने लिहून काढली पाहिजे, असा आग्रह मुंबईचे डॉ. एम. एल. धवले यांनी आयुष्यभर धरला; त्यांचा ‘प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ होमिओपॅथी’ हा ग्रंथ १९६७ साली निघाला, आणि त्यांच्या नावाची संस्था आज पालघरला रुग्णालय चालविते. उलटपक्षी, हाच रोगी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात गेला, तर एक्स-रे दिव्यासमोर धरून ‘मणक्यांत गॅप आहे’ एवढेच त्याला ऐकविले जाते, आणि गळ्यात पट्टा व हातात वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तो बाहेर पडतो. तो ‘गॅप’ही फारसा भिण्यासारखा नसतो. जपानात मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा सुमारे ८८ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. ते निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वयाबरोबर केस पिकावेत तसे मणकेही झिजतात, आणि झीज व वेदना यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

आता त्या औषधांच्या वर्णनांकडे वळू. ऱ्हस टॉक्सचा रोगी बसून राहिला की आखडतो. पहिली हालचाल त्याला जीवघेणी वाटते, परंतु चार पावले चालला, मान थोडी इकडेतिकडे फिरविली, की त्याला मोकळे वाटू लागते. दमट, गार हवेत त्याचे दुखणे बळावते. ब्रायोनियाचा रोगी याच्या नेमका उलट: किंचित हलले तरी कळ येते म्हणून तो निपचित पडून राहू पाहतो. मान वळवताच भोवळ येणाऱ्याला कोनियम, मान आणि खांदे दोन्ही ताठरलेल्याला सिमिसिफ्यूगा, अशी ही नामावळी पुढे बरीच लांबते. तिच्यातील पहिले चित्र मला विलक्षण वाटते, कारण ते कोणा एका विशिष्ट प्रकृतीच्या माणसाचे नसून अंधेरीच्या सीप्झमध्ये आठ तास पडद्यासमोर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे आहे. एकाच स्थितीत जखडून ठेवलेले स्नायू कुरकुरतात आणि हलविले की सैल होतात, ही गोष्ट ज्याच्या त्याच्या अनुभवाची आहे. म्हणजे, ‘हालचालीने बरे वाटते’ ही साक्ष रोग्याने स्वतःच्या तोंडून दिलेली असते; वैद्याने ती नोंदविलेलीही असते; आणि एवढे होऊनही तिचा निष्कर्ष निघतो तो काय, तर साबुदाण्यासारख्या चार गोळ्या जिभेखाली धरा! हनुवटी मागे घेणे, खांद्यांची पाती एकमेकांकडे ओढणे, रबरी पट्टा ताणून मान व खांद्यांचे स्नायू बळकट करणे, आणि हे सारे दोन दिवस करून सोडून न देता कित्येक आठवडे चालू ठेवणे, हा जो उपाय जुनाट मानदुखीवर त्यातल्या त्यात आधाराचा ठरला आहे, तो त्या जबानीत अक्षरशः लिहिलेला असतो.

गोळीविषयी फार लिहावयास नको. तीस पोटेन्सीचे औषध म्हणजे मूळ अर्क शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली. एकावर साठ शून्ये एवढे ते विरळ होते, आणि बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणू हाती लागण्याचीही शक्यता उरत नाही. होमिओपॅथीचा संस्थापक हानेमान १८४३ साली वारला आणि पदार्थातील रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज लोश्मिट याने १८६५ साली बांधला. तेव्हा हानेमानला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल, मात्र आजच्या दुकानदाराला ती सबब लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यासांची छाननी करून २०१५ साली असा निर्वाळा दिला की, ज्यावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा आहे असा एकही आजार नाही. ‘पण मला गुण आला’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. मानेचे दुखणे चढते आणि उतरते. ते ऐन भरात असते तेव्हाच आपण दवाखान्याची पायरी चढतो, त्यामुळे त्यानंतर जे उतरते त्याचे श्रेय शेवटी घेतलेल्या गोळीच्या खाती जमा होते. शिवाय कोणीतरी तासभर मन लावून ऐकले, याचाही गुण असतोच.

तो तास सरकारदरबारी कोणाच्याच खिजगणतीत नाही. एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून दिली. त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या दप्तरात करण्याच्या हुकमावरून १८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यातील ॲलोपॅथिक डॉक्टरांनी संप पुकारला. परवाना कोणाला, चिठ्ठी कोणाची, यावर दोन्ही पक्षांनी हिरिरीने वकालत केली. डॉक्टरांचा आक्षेप मला रास्त वाटतो, कारण एका वर्षात ते शास्त्र हस्तगत होत नाही. तथापि या सगळ्या गदारोळात, घाटकोपरच्या राजावाडी किंवा विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात मान धरून आलेल्या माणसाला पंधरा मिनिटे मिळावीत आणि महापालिकेच्या वस्तीतल्या दवाखान्यात आठवड्यातून काही वेळ तरी फिजिओथेरपिस्ट बसावा, अशी मागणी ठळकपणे कोणी मांडल्याचे दिसले नाही.

ज्यांना होमिओपॅथाकडेच जावयाचे आहे त्यांनी खुशाल जावे. परंतु काही चिन्हे दिसली तर एकही दिवस गोळ्यांवर काढू नये. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, पायातली चप्पल नकळत निसटणे, चाल डगमगणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ही चिन्हे मज्जारज्जूवर दाब येत असल्याची असू शकतात, आणि तो वेळीच काढला नाही तर गेलेली शक्ती पुरती परत येईलच असे नाही. मानदुखीबरोबर ताप येत असेल, कारणाशिवाय वजन उतरत असेल, किंवा मान, जबडा व डावा हात भरून येऊन दरदरून घाम फुटत असेल, तर प्रकरण मानेचे नसून दुसऱ्याच कशाचे असण्याचा संभव असतो. होमिओपॅथीच्या पदवीलाही शरीररचना आणि रोगतपासणी हे विषय असतात. तेव्हा स्वप्ने विचारून झाल्यावर तुमच्या वैद्याने हाताची पकड अजमावली का, बोटांची संवेदना पाहिली का, गुडघ्यावर हातोडी मारली का, हे पाहावे, आणि यांपैकी काहीच न करता तो बाटली भरू लागला, तर तेथून उठून सरळ अस्थिरोगतज्ज्ञाचा रस्ता धरावा.