आजीची शिकवणी

आमच्या शेजारच्या मावशी बेने इस्राएल. त्यांची लेक इस्राएलमध्ये दिमोनाला असते. नातू चार वर्षांचा. फोनवर चेहरा दिसतो, पण तो बोलतो हिब्रू आणि आजी मराठी! एकदा तो रडत काहीतरी सांगत होता. मावशींना कळलं ते एवढंच, की पोर रडतंय. फोन ठेवून तशाच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तू शाळेत शिकवतेस ना? मला बोलायला शिकव."

आता मला कुठली हिब्रू येते! पण दोघी मिळून बसलो.

प्रार्थनेच्या पुस्तकामुळे मावशींना हिब्रूची २२ अक्षरं वाचता येतात. पण त्यात स्वरांच्या खुणा असतात, रोजच्या छापील मजकुरात त्या सहसा नसतात. 'मला हवंय' हे पुरुष 'अनी रोत्से' म्हणतो, बाई 'अनी रोत्सा'. खुणांवाचून लिहिलं की दोन्ही अगदी सारखं! म्हणजे नुसत्या पुस्तकाने भागत नाही. बरं, ध्वनिमुद्रित धड्यात पुरुषाचा आवाज आला की मावशीही 'रोत्से' म्हणू लागल्या. नुसत्या कानानेही भागत नाही.

म्हणून आम्ही अशी घडी बसवली :

१) सकाळी भाजी निवडताना पिम्सलरचा ३० मिनिटांचा धडा. ऐकायचं नि मोठ्याने म्हणायचं. वही बंद.

२) दुपारी मोबाइलवर ड्युओलिंगो, १० मिनिटं. शब्द डोळ्यांना ओळखीचे होतात.

३) वहीत तीन रकाने : अर्थ, देवनागरीत उच्चार, हिब्रू अक्षरं. क्रियापद बाईचं आणि पुरुषाचं, दोन्ही लिहायचं. आपल्या 'बोलतो-बोलते'सारखंच की!

४) आठवड्यातून दोनदा लेकीशी १५ मिनिटं फक्त हिब्रूत. चूक तिने तिथल्या तिथे सांगायची.

साधनं चार असली, तरी आठवड्याला वाक्यं दहाच, आणि चारही ठिकाणी तीच घोटायची. नाहीतर नुसता गोंधळ होतो.

सुरुवात केली ती 'मा कारा?' म्हणजे काय झालं, 'लो हेवान्ती' म्हणजे समजलं नाही आणि 'लेआत, बेवकाशा' म्हणजे जरा हळू बोल, यांपासून.

गेल्या आठवड्यात नातू पुन्हा रडत फोनवर आला. मावशींनी विचारलं, "मा कारा?" तो भराभर बोलत सुटला. "लेआत, बेवकाशा." मग त्याने हुंदके देत पुन्हा सांगितलं. त्यातला 'कादूर' एवढाच शब्द मावशींना कळला. चेंडू हरवला होता!