आधी कॉन्ट्रास्ट, मग एआय

बारामतीला एआय नवे नाही. अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने ते उसाच्या फडात उतरवले. तेच तंत्र आता दवाखान्यात यावे, मेंदूची तुंबलेली रक्तवाहिनी संगणकाने ओळखावी, ही अपेक्षा साहजिक आहे. पण हे सॉफ्टवेअर नेमके काय पाहते, ते विचारायचे राहून जाते.

ते पाहते कॉन्ट्रास्ट. हाताच्या शिरेतून दिलेले हे आयोडिनयुक्त औषध मेंदूच्या धमन्यांत पोहोचले की सीटीच्या शेकडो कापांत त्या पांढऱ्या शुभ्र दिसतात. काप एकावर एक रचले की नळ्यांचे झाड उभे राहते. हीच सीटी अँजिओग्राफी. १९९८ मध्ये अलेहांद्रो फ्रांगी आणि सहकाऱ्यांनी अशा त्रिमितीय चित्रातून नळीसारखा आकार तेवढा वेगळा काढण्याचे गणित मांडले. आजची सॉफ्टवेअर त्याच्या बरीच पुढे गेली आहेत. नळी मध्येच तुटलेली दिसली की ती इशारा देतात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०१८ मध्ये परवानगी दिलेले व्हिज एआयचे सॉफ्टवेअर तर थेट तज्ज्ञाच्या फोनवर निरोप धाडते.

साध्या सीटीत हे झाड दिसत नाही. तिथे रक्त आणि मेंदू जवळजवळ सारखेच करडे. साधा सीटी रक्तस्राव झाला आहे की नाही ते चांगले सांगतो. मोठी धमनी बंद आहे का, हे त्यावरून खात्रीने कळत नाही. ‘सीटी नॉर्मल आहे’ हे ऐकून नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, आणि आत धमनी बंदच असू शकते.

इंदापूरचा रुग्ण धरा. बारामती सुमारे ५० किलोमीटर, तिथून पुणे १०० च्या आसपास. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या धमनीतली गुठळी त्याने अनेकदा हटत नाही. ती कॅथेटर घालून ओढून काढावी लागते, आणि ती सोय मोठ्या शहरात. मग अँजिओग्राफी पुण्यात पोहोचल्यावर कशासाठी? सीटीच्या टेबलावर रुग्ण पहिल्यांदा झोपतो तेव्हाच ती झाली, तर गाडी कुठे न्यायची हे तिथेच ठरते.

अडते कुठे? बऱ्याचदा क्रिएटिनिनच्या रिपोर्टपाशी: कॉन्ट्रास्ट देण्याआधी मूत्रपिंड ठीक आहे ना, हे त्यावरून पाहिले जाते. मूत्रपिंडाचा जुना आजार नसेल आणि मोठी धमनी बंद असल्याचा संशय असेल, तर त्या रिपोर्टसाठी थांबू नका, असे अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१९ च्या सूचना सांगतात. तरीही रुग्ण स्ट्रेचरवर थांबतो.

म्हणून एआयच्या निविदेआधी तालुक्याच्या पातळीवर एवढे तपासा: रात्री दोन वाजता कॉन्ट्रास्ट शिरेत सोडणारा प्रेशर इंजेक्टर चालू असतो का, कॉन्ट्रास्ट कपाटात आहे का, आणि तो देण्याचा निर्णय ड्युटीवरचा डॉक्टर कुणाला न विचारता घेऊ शकतो का.