विकत घेतलेल्या डिस्कची प्रत मालकालाच का उघडत नाही? : एएसीएस परवाना-संस्थेस खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
एएसीएस लायसेन्सिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

विषय : रीतसर विकत घेतलेल्या ब्लू-रे डिस्कच्या इमेज-प्रती मालकालाच उघडता न येण्याबाबत

एएसीएस या ब्लू-रेच्या प्रत-संरक्षण पद्धतीच्या २००९च्या अंतिम परवाना-करारात ‘मॅनेज्ड कॉपी’ची, म्हणजे विकत घेतलेल्या डिस्कची परवानगीने पूर्ण प्रत करून घेण्याची तरतूद संस्थेने स्वीकारली होती. ती सोय सामान्य ग्राहकाच्या हाती आजतागायत पडलेली नाही, आणि दरम्यान ज्यांनी आपापल्या डिस्कच्या प्रती खबरदारी म्हणून स्वतःच करून ठेवल्या, त्यांच्या त्या प्रती संगणकात निरुपयोगी होऊन पडल्या आहेत. २०१५मध्ये ब्लू-रे डिस्क असोसिएशनने अल्ट्रा एचडी ब्लू-रेबरोबर ‘डिजिटल ब्रिज’ नावाची अशीच सोय जाहीर केली. तिचेही तेच झाले. दोन आश्वासने दिली गेली आणि दोन्ही पाळली गेली नाहीत, यापेक्षा सौम्य शब्दांत ही वस्तुस्थिती मांडता येत नाही.

या प्रती निरुपयोगी करणारी रचना संस्थेला ठाऊक आहे, कारण ती संस्थेनेच उभारली आहे. मात्र ज्यांच्या कपाटात या डिस्क आहेत त्यांना ती नीट समजावून सांगितली गेलेली नाही, म्हणून येथे ती मांडणे भाग आहे. इमेज-प्रत म्हणजे डिस्कवरील सर्व सेक्टर क्रमाने वाचून एकाच फाइलमध्ये, बहुधा आयएसओ स्वरूपात, उतरवलेली प्रत. एकेरी थराच्या ब्लू-रेची अशी प्रत सुमारे २५ गीगाबाइटपर्यंत आणि दुहेरी थराच्या डिस्कची ५० गीगाबाइटपर्यंत भरते, म्हणजे ४ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर दुहेरी थराच्या सुमारे ८० डिस्क मावतात. विंडोज ८पासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये अशा फाइलवर दोनदा क्लिक केले की संगणकाला ती खरी डिस्क घातल्यासारखी दिसते, तिच्यातील ‘बीडीएमव्ही’ आणि ‘एएसीएस’ हे फोल्डर उघडतात, चित्रपटाच्या मोठ्या फाइल योग्य आकारासह समोर येतात, वाचनात कोठेही त्रुटी येत नाही, आणि तरीही प्लेयर चित्रपट लावण्यास नकार देतो किंवा पडद्यावर अर्थहीन ठिपक्यांचा गोंधळ उमटतो.

येथून पुढे मालकाची खटपट चुकीच्या दिशेने सुरू होते. प्रत पुन्हा काढली जाते, केबल बदलली जाते, दुसरा ड्राइव्ह आणला जातो, दोन प्रतींच्या तपासबेरजा जुळवून पाहिल्या जातात आणि त्या अक्षरशः जुळतात. दोष यांपैकी कशातच नसतो. चित्र आणि ध्वनीचा प्रवाह डिस्कवर ६,१४४ बाइटच्या तुकड्यांत मांडलेला असतो; प्रत्येक तुकड्याचे पहिले १६ बाइट उघडे असतात आणि उरलेला भाग १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने कूटबद्ध केलेला असतो. तो उघडणारी ‘टायटल की’ डिस्कवरच्याच एका छोट्या फाइलमध्ये असते, पण तीही कूटबद्ध असते आणि ती उलगडण्यासाठी त्या डिस्कची ‘व्हॉल्यूम युनिक की’ लागते. ही किल्ली दोन गोष्टींच्या संयोगातून तयार होते. पहिली म्हणजे ‘मीडिया की’, जी परवानाधारक प्लेयर आपल्याजवळील गुप्त किल्ल्या डिस्कवरील ‘मीडिया की ब्लॉक’ या तक्त्यावर वापरून मिळवतो. हा तक्ता साधी फाइल असल्याने प्रतीत उतरतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘व्हॉल्यूम आयडी’, आणि सगळा पेच येथे आहे.

व्हॉल्यूम आयडी कोणत्याही फाइलमध्ये नसते. ती ‘बीडी-रॉम मार्क’ या खुणेत, परवानाप्राप्त यंत्रसामग्रीच्या साहाय्याने, डिस्क छापतानाच उमटवलेली असते. वाचनाच्या साध्या आज्ञेला ड्राइव्ह ती देत नाही, आणि समोरच्या सॉफ्टवेअरने संस्थेने दिलेले ‘होस्ट प्रमाणपत्र’ दाखवून ओळख पटवली तरच ती हवाली करतो. त्यामुळे इमेज काढणारा प्रोग्राम प्रत्येक सेक्टर कितीही प्रामाणिकपणे उतरवो, या १६ बाइटांची उणीव त्याच्या प्रतीत राहतेच. सुमारे ५,००० कोटी बाइट मालकाजवळ असतात, १६ नसतात, आणि त्या १६ बाइटांवाचून उरलेले सर्व व्यर्थ ठरतात. मूळ डिस्क शाबूत असेपर्यंत ही उणीव भरून निघण्याची निदान शक्यता असते. डिस्क ओरखडली, तडकली किंवा तिचा परावर्तक थर झिजला की तीही संपते. बॅकअप ही व्यवस्थाच मूळ वस्तू नष्ट झाल्यावर उपयोगी पडावी म्हणून असते. संस्थेच्या रचनेत मात्र बॅकअप मूळ डिस्क जिवंत असेपर्यंतच उघडण्याजोगा राहतो. हा या पत्राचा मुख्य आक्षेप आहे, आणि तो मान्य झाल्यास बाकीचे आक्षेप दुय्यम समजण्यास हरकत नाही.

हा परिणाम अनवधानाने झाला असेही म्हणता येत नाही. मीडिया की ब्लॉकबरोबर रद्द केलेल्या होस्ट प्रमाणपत्रांची यादीही डिस्कवर येते, ड्राइव्ह त्यांतील सर्वांत नवी यादी आपल्या कायमस्वरूपी स्मृतीत साठवतो, आणि त्यानंतर रद्द झालेल्या सॉफ्टवेअरला तो कोणत्याच डिस्कची व्हॉल्यूम आयडी देत नाही. याचा अर्थ असा की दुकानातून आणलेली एक नवी डिस्क आत सरकवल्याने घरातील जुन्या ड्राइव्हचे वर्तन मालकाला न विचारता बदलते, आणि काल चालणाऱ्या जुन्या डिस्कही त्याच सॉफ्टवेअरला आज बंद होतात. २००७च्या वसंतात विनडीव्हीडी या प्लेयरच्या किल्ल्या फुटल्यावर त्या रद्द करण्यात आल्या आणि ज्यांनी तो प्लेयर पैसे देऊन घेतला होता त्यांना सुधारित आवृत्ती बसवल्यावाचून डिस्क पाहता येणार नाहीत असे सांगण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात मीडिया की मिळवून देणारी १६ बाइटांची एक ‘प्रोसेसिंग की’ जगभर पसरली आणि ती हटवण्यासाठी पाठवलेल्या नोटिसांनी तिचा प्रसार आणखी वाढवला. या साऱ्यातून चोरट्या प्रतींचा व्यापार थांबला नाही, कारण तेथे फिरणारा चित्रपट आधीच उलगडलेला असतो आणि त्याला ना आयडी लागते ना प्रमाणपत्र. अडवला गेला तो केवळ पैसे मोजून डिस्क घेणारा.

किल्ल्यांच्या या साखळीवर आणखी थर चढले आहेत. काही डिस्कवर ‘बीडी प्लस’ नावाचा छोटा प्रोग्राम असतो, जो प्लेयरमध्ये चालून मुद्दाम बिघडवलेले चित्र दुरुस्त करतो. १ फेब्रुवारी २०१२पासून नव्या प्लेयरना ‘सिनाविया’ ही ध्वनीत मिसळलेली खूण ओळखणे सक्तीचे झाले, आणि खुणेवरून प्रत विनापरवाना ठरली की आवाज बंद पडतो. अल्ट्रा एचडी ब्लू-रेची गत तर याहून वाईट आहे. २०१६मध्ये आलेल्या या डिस्क संगणकावर रीतसर पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील ‘एसजीएक्स’ ही संरक्षित स्मृतीची सोय आवश्यक ठरवण्यात आली. पुढे इंटेलने ११व्या आणि १२व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधून तीच काढून टाकली, आणि त्यामुळे नवा, अधिक महाग संगणक घेणाऱ्याला मूळ डिस्कसुद्धा परवानाधारक सॉफ्टवेअरमध्ये दिसेनाशी झाली. इंटेल ही संस्थेच्या आठ संस्थापकांपैकी एक आहे; डिस्ने, मायक्रोसॉफ्ट, पॅनासॉनिक, वॉर्नर ब्रदर्स, आयबीएम, तोशिबा आणि सोनी हे उरलेले सात.

काळ मालकाच्या बाजूने नाही. ओप्पोने २०१८मध्ये ब्लू-रे प्लेयरच्या व्यवसायातून माघार घेतली, सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेयर आणणे थांबवले, एलजीने २०२४च्या अखेरीस उत्पादन बंद केले, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये घरी लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणे थांबवले. वॉर्नर ब्रदर्सने २०२५मध्येच २००६ ते २००९ या काळात बनलेल्या आपल्या काही डीव्हीडी सदोष निघत असल्याचे मान्य केले. ती डिस्क जुन्या पिढीची आहे हे खरे, परंतु छापील डिस्क आयुष्यभर टिकते हा विश्वास तिने खोटा ठरवला, आणि तो खोटा ठरवणारी कंपनी संस्थेच्या संस्थापकांत आहे.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने यात कायद्याचा एक वेगळा धागा आहे. अमेरिकेतील १९९८च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्टनुसार कुलूप ओलांडणे हाच स्वतंत्र दोष ठरतो, आणि स्वतःच्या डिस्कची प्रत दुसऱ्या साधनावर नेण्यासाठी मागितलेली सूट तेथे २०१२ आणि २०१५मध्ये नाकारली गेली. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तसे नाही. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण ओलांडले तर दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा त्यात आहे. मात्र कायद्याने स्पष्टपणे न रोखलेल्या कामासाठी ते ओलांडण्यास आडकाठी नाही, आणि कलम ५२ खासगी वापरासाठीच्या उचित व्यवहाराला संरक्षण देते. भारतीय संसदेने अशा रीतीने मालकाच्या प्रामाणिक हेतूसाठी जागा ठेवली असताना, एका परदेशी खासगी कराराने ती जागा प्रत्यक्षात बुजवली आहे. अर्थात या कायद्यातही एक उणीव आहे, आणि ती दिल्लीतील संबंधितांनी दूर केली पाहिजे : सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा त्यांच्याजवळ त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच मिळते, म्हणजे ज्या ग्रंथालयाजवळ केवळ ब्लू-रे आहे त्याला या तरतुदीचा आधार नाही. ज्या देशात दादासाहेब फाळके यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही, त्या देशाने चित्रपटांच्या जतनाबाबत इतके सैल राहणे परवडणारे नाही.

संस्थेकडे मागणी मर्यादित आहे. डिस्क वाचता येत असतानाच परवानाधारक सॉफ्टवेअरने तिची व्हॉल्यूम युनिक की मालकाच्या इमेज-प्रतीसोबत साठवू द्यावी. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण प्रत्येक प्लेयर डिस्क लावताना तीच किल्ली तयार करतो. ज्या डिस्कची छपाई बंद झाली आहे त्यांच्या किल्ल्या अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांसारख्या संस्थांकडे जमा कराव्यात. मालकाच्या घरातील ड्राइव्ह त्याच्या संमतीवाचून बदलणारी रद्दीकरणाची पद्धत बंद करावी. आणि मॅनेज्ड कॉपी कधी मिळणार, की मिळणारच नाही, याचे उत्तर तारखेसह जाहीर करावे. करारातील तरतूद सोडून दिली असेल तर तसे म्हणण्याचे धैर्य तरी दाखवावे.

ज्या वाचकांनी आपल्या डिस्कच्या इमेज-प्रती काढून ठेवल्या आहेत त्यांनी, हे उत्तर येईपर्यंत, मूळ डिस्क विकू नयेत, कोणाला देऊ नयेत आणि टाकूनही देऊ नयेत. प्रतीत नसलेले ते १६ बाइट त्यांच्या घरात फक्त त्या डिस्कवरच आहेत.