विश्लेषण : जुनी आलिशान मोटार स्वस्त, मग तिची दुरुस्ती इतकी महाग का?

नव्या मारुती डिझायरसाठी मोजावे लागतात तेवढ्याच पैशांत आज दहा-बारा वर्षे वापरलेली बीएमडब्ल्यू थ्री सीरिज, ऑडी ए-फोर किंवा मर्सिडीज सी-क्लास मिळू शकते. दिल्लीतील जुन्या वाहनांवरील निर्बंध आणि नव्या मोटारींवरील बदललेला वस्तू व सेवा कर यांमुळे हा बाजार सध्या चर्चेत आहे. मात्र खरेदीनंतरच्या वर्ष-दोन वर्षांत अनेक ग्राहकांचे गणित कोलमडते ते दुरुस्तीच्या बिलांमुळे. मोटारीची किंमत उतरते, पण तिचा दुरुस्ती खर्च का उतरत नाही?

या मोटारी स्वस्त का झाल्या?

आलिशान सेदानचे मूल्य पहिल्या पाच वर्षांतच निम्म्याच्या आसपास येते. हमी संपली की पहिला मालक मोटार विकतो, कारण पुढच्या खर्चाचा अंदाज त्याला असतो. त्यात दोन घडामोडींची भर पडली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली व परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना मनाई केली. अशा वाहनांना १ जुलै २०२५ पासून इंधन न देण्याचा निर्णयही झाला होता. तो काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते ठेवण्यात आले. या अनिश्चिततेमुळे तिथल्या अनेक डिझेल सेदान इतर राज्यांत विक्रीसाठी येतात. दुसरे म्हणजे, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नव्या मोटारींवरील कर ४५ ते ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नवी मोटार स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो.

भारतातच जुळणी होते, तरी सुटे भाग महाग कसे?

मर्सिडीजचा कारखाना चाकणला, बीएमडब्ल्यूचा चेन्नईजवळ, तर ऑडीची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात होते. परंतु यातील बहुतांश मॉडेल सुट्या भागांचे संच आयात करून जोडली जातात. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक भाग प्रामुख्याने परदेशातूनच येतात. त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो. मारुती किंवा ह्युंदाईच्या भागांना गल्लोगल्ली पर्याय मिळतात, कारण त्या मोटारी लाखोंनी विकल्या गेल्या आहेत. आलिशान मोटारींची संख्या कमी, म्हणून पर्यायी उत्पादकही कमी. शिवाय हा भाग ज्या मोटारीसाठी बनवला ती नवी असताना चाळीस लाखांची होती. ती आज आठ लाखांना मिळाली, तरी भागाची किंमत मूळ हिशेबानेच आकारली जाते.

नेमके काय बिघडते?

प्रत्येक कंपनीची काही ओळखीची दुखणी आहेत. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डी या मोटारींत अनेक वर्षे वापरलेल्या ‘एन४७’ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. विशेषतः सुरुवातीच्या इंजिनांत ती झिजण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. चेन तुटली तर इंजिन निकामी होऊ शकते, आणि ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. भागापेक्षा मजुरीच जड जाते. डिझेल इंजिनातील ईजीआर कूलरची गळतीही अशीच गाजली. दक्षिण कोरियातील आगीच्या घटनांनंतर २०१८ मध्ये कंपनीने जगभरातून सुमारे १६ लाख मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या.

ऑडीच्या २.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाच्या एका पिढीत पिस्टन रिंगच्या रचनेमुळे इंजिन ऑइल प्रमाणाबाहेर जळत असे. अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावाही झाला. मर्सिडीजच्या २००२ नंतरच्या ई-क्लासमध्ये ‘सेन्सोट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक ब्रेक प्रणाली होती. २००४ मध्ये कंपनीने तिच्यामुळे सुमारे ६ लाख ८० हजार मोटारी परत बोलावल्या आणि पुढे साध्या हायड्रॉलिक ब्रेककडे मोर्चा वळवला.

याशिवाय, वयानुसार सर्वच कंपन्यांच्या मोटारींत प्लास्टिकचे कूलिंग पाइप तडकतात, गॅस्केटमधून ऑइल पाझरते, खड्ड्यांमुळे बुश आणि कंट्रोल आर्म ढिले होतात. डिझेल मोटार फक्त शहरातच, थोड्या अंतरासाठी फिरवली तर धुरातील काजळी अडवणारा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि तुंबतो.

खर्च किती येतो?

शहर, गॅरेज आणि भाग मूळ आहे की पर्यायी, यावर आकडा बदलतो. तरी ढोबळ अंदाज बांधता येतो. अधिकृत केंद्रातील साधी वार्षिक सर्व्हिसिंग तीस-चाळीस हजारांपर्यंत जाते. पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणाऱ्या रन-फ्लॅट टायरांचा संच सहज साठ हजारांवर जातो. टायमिंग चेनचे काम एक ते दोन लाख, तर गिअरबॉक्समधील मेकॅट्रॉनिक युनिटचे काम लाखापासून तीन लाखांपर्यंत पोहोचू शकते. एअर सस्पेन्शन असेल तर एका चाकाचा स्ट्रटही लाखाच्या घरात जातो. एलईडी हेडलाइट फुटला तर बल्ब बदलून भागत नाही, अख्खा दिवा घ्यावा लागतो. म्हणजे आठ लाखांच्या मोटारीला दोन बिघाड एकाच वर्षी आले, तर किमतीचा निम्मा हिस्सा दुरुस्तीत जाऊ शकतो.

‘आयुष्यभर ऑइल बदलू नका’ हे खरे आहे का?

अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर पुरेल, असे मोटार कंपन्या सांगत आल्या. पण बीएमडब्ल्यूसह अनेकांना आठ गिअरचा गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलण्याची शिफारस करते. पहिला मालक तोवर मोटार विकून मोकळा झालेला असतो. राहून गेलेल्या देखभालीची किंमत दुसरा किंवा तिसरा मालक मोजतो.

विम्याचा आधार मिळतो का?

फारसा नाही. झीज किंवा यांत्रिक बिघाड मोटार विम्यात येतच नाही. अपघात झाला तर रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर निम्मा घसारा कापला जातो, आणि घसारा न कापण्याचे जोडकलम जुन्या मोटारींना सहसा मिळत नाही. खरा पेच वेगळाच आहे. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की मोटार ‘संपूर्ण नुकसान’ धरली जाते. मूल्य घसरलेले आणि भाग महाग असल्याने मध्यम स्वरूपाच्या अपघातातही ही वेळ येते. अशा मोटारी, विशेषतः पुरात बुडालेल्या, लिलावातून दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात. तेव्हा गालिच्याखालचा चिखल, सीटच्या रुळांवरचा गंज आणि वायरिंगच्या जोडण्या पाहणे आवश्यक ठरते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून मागच्या बाजूने खडखड येते का, हे ऐकावे. कंपनीच्या प्रणालीशी जुळणाऱ्या स्कॅनरने सर्व कंट्रोल युनिट तपासावीत. त्यात नोंदलेले किलोमीटर आणि डॅशबोर्डवरचा आकडा जुळत नसेल, तर मीटर मागे फिरवल्याची शक्यता असते. चॅसी क्रमांकावरून अधिकृत केंद्रातील सर्व्हिसिंगचा इतिहास मागवावा. दिल्लीची मोटार असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र, इथे भरावा लागणारा रस्ता कर, थकीत चलने आणि कर्जाचा बोजा तपासावा. नोंदणीला पंधरा वर्षे झाली, की योग्यता तपासणी, नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर येतो.

औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. त्या काळच्या आलिशान मोटारी आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांतील नीट सांभाळलेली मोटार आजही चांगली धावेल. पण ती घेणाऱ्याने हप्त्याबरोबरच, खरेदी किमतीच्या किमान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवायला हवा. तेवढी रक्कम बाजूला काढणे शक्य नसेल, तर ती मोटार त्या घराला परवडणारी नाही, मग विक्रेत्याने भाव कितीही खाली आणलेला असो.